पोची ‘द मास्क ऑफ द रेड डेथ’ कशी वाचावी: मरण, भिंत आणि बरोबरीचा हिशेब

गॉथिक, म्हणजे भय आणि गूढाच्या, कथेत मरणाला तोटा नाही. पडके वाडे, तळघरे, जिवंतपणी गाडलेली माणसे, सगळे भरपूर. पण मरण आणि सामाजिक बरोबरी हे दोन धागे एकमेकांत कसे गुंततात हे पहिल्यांदाच पाहायचे असेल, तर दहा कथा चाळण्यापेक्षा एक कथा तीनदा वाचावी, आणि ती अमेरिकन लेखक एडगर ॲलन पोची ‘द मास्क ऑफ द रेड डेथ’ असावी. इंग्रजीत ती जेमतेम अडीच हजार शब्दांची आहे. गोष्ट थोडक्यात अशी: देशात भयंकर साथ पसरलेली असताना प्रॉस्पेरो नावाचा राजपुत्र हजार सरदार आणि दरबारी स्त्रियांना घेऊन तटबंदीच्या आत कोंडून घेतो. पाच-सहा महिन्यांनी मुखवट्यांचा नाच ठेवतो, आणि मध्यरात्री खुद्द साथच पाहुण्यांमध्ये उभी असते.

शेवट आधीच कळला म्हणून बिघडत नाही, शीर्षकातच तो आहे. बिघडते ते पुढे. ‘मरणापुढे सगळे सारखे’ इथे येऊन नवा वाचक थांबतो. तेवढे खरे आहे, पण अर्धेच. पोने या कथेत आकडे, अंतरे आणि वेळा नेमक्या दिल्या आहेत. त्या जुळवल्या की दिसते की मरण सगळ्यांना येते, मुदत मात्र सारखी मिळत नाही. ती मुदत कोणी, कशाच्या जोरावर मिळवली आणि तेवढ्यात काय केले, हा या कथेचा खरा ऐवज आहे.

आधी पाठ तपासा

कथा मे १८४२ मध्ये फिलाडेल्फियाच्या ‘ग्रॅहम्स मॅगझिन’मध्ये छापून आली. तेव्हा शीर्षकाचे स्पेलिंग वेगळे होते आणि खाली ‘अ फँटसी’ असे उपशीर्षक होते. जुलै १८४५ मध्ये ‘ब्रॉडवे जर्नल’साठी पोने तिच्यावर पुन्हा हात फिरवला. आज बहुतेक संग्रहांत हाच १८४५ चा पाठ असतो आणि वाचायला तोच घ्यावा. स्वामित्वहक्क केव्हाच संपलेला असल्याने प्रोजेक्ट गुटेनबर्गवर कथा फुकट मिळते. बाल्टिमोरच्या पो सोसायटीच्या संकेतस्थळावर दोन्ही पाठ आहेत.

शालेय किंवा संक्षिप्त आवृत्ती घेऊ नका. तिथे कात्री पहिल्यांदा वर्णनांवर चालते आणि या कथेत पुरावा सगळा वर्णनातच आहे. मराठी अनुवाद हाताशी असेल तर वापरण्याआधी चार जागा पडताळून पाहा: निम्मी प्रजा मेल्यावर राजपुत्र हालचाल करतो हे वाक्य आहे का, दरवाजांचे अडसर सांधून टाकण्यामागचे कारण दिले आहे का, सातव्या दालनाच्या तावदानांचा रंग वेगळा आहे का, आणि शेवटच्या परिच्छेदात ‘आणि… आणि…’ अशी वाक्यांची साखळी टिकली आहे का. यातले दोन गळाले असतील तर तो अनुवाद गोष्टीपुरता ठीक, अभ्यासाला नाही.

याशिवाय एक कोरा कागद, पेन्सिल आणि दोन संध्याकाळी लागतील.

पहिले वाचन: एका बैठकीत, शब्दकोश बंद

इंग्रजी सवयीचे असेल तर वीस मिनिटे, नसेल तर चाळीस. मध्ये उठू नका. लघुकथा अर्ध्या तासापासून फार तर दोन तासांत, एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिचा परिणाम एकच, अखंड असावा, हे पोचे मत होते. ते त्याने नॅथॅनियल हॉथॉर्न या अमेरिकन कथाकाराच्या कथासंग्रहाच्या परीक्षणात मांडले आणि ते परीक्षण ‘ग्रॅहम्स’च्या त्याच मे १८४२ च्या अंकात आहे. म्हणजे नियम आणि नमुना एकाच अंकात मिळतात. अर्ध्या तासाचा आणखी एक योगायोग ध्यानात ठेवा: कथेतला रोग लागण झाल्यापासून मरणापर्यंतचा प्रवास अर्ध्या तासात पुरा करतो.

अडलेल्या शब्दांभोवती फक्त गोल करा. एकच गोष्ट आधी सांगून ठेवलेली बरी. राजपुत्र ज्या वास्तूत जातो तिला ‘ॲबी’ म्हटले आहे, म्हणून बरेच वाचक साधूंचा मठ डोळ्यांसमोर आणतात. प्रत्यक्षात नाव मठाचे, बांधणी किल्ल्याची आणि रचना राजपुत्राच्या स्वतःच्या विक्षिप्त पण भव्य आवडीची. अशा वास्तू त्याच्याकडे अनेक आहेत, ही त्यांतली एक.

दुसरे वाचन: नकाशा काढा

ही पायरी टाळू नका. कागद आडवा धरा. उजवीकडे पूर्व, डावीकडे पश्चिम. पूर्वेकडून सात दालने क्रमाने मांडा: निळे, जांभळे, हिरवे, नारिंगी, पांढरे, निळसर जांभळे आणि अगदी पश्चिमेला काळ्या मखमलीचे. पहिल्या सहा दालनांत खिडक्यांची तावदाने दालनाच्याच रंगाची आहेत. सातव्यात भिंती काळ्या आणि तावदाने रक्तासारखी लाल. सात दालनांत नियम फक्त इथे मोडतो.

दालने एका सरळ रेषेत काढली की नकाशा फसला. इतर महालांत दारे सरकवली की शेवटपर्यंत दिसते, इथे तसे नाही, हे पो मुद्दाम सांगतो. दर वीस-तीस यार्डांवर, म्हणजे साधारण अठरा ते सत्तावीस मीटरवर, तीव्र वळण आहे. त्यामुळे एका वेळी एकाहून फारसे अधिक दिसत नाही. रेषा नागमोडी काढा.

आता खिडक्या. प्रत्येक दालनाच्या डाव्या-उजव्या भिंतीत मधोमध एक उंच, अरुंद गॉथिक खिडकी आहे. ती कुठे उघडते? बहुतेकांचे उत्तर ‘बाहेर’ असते आणि ते चुकीचे असते. खिडक्या बंद मार्गिकेकडे उघडतात. मार्गिकेत प्रत्येक खिडकीसमोर तिवईवर जळती शेगडी आहे आणि तिचा उजेड रंगीत काचेतून दालनात येतो. दालनांत स्वतःचा एकही दिवा नाही. सारांश, चौदा खिडक्या असलेल्या या जागेतून बाहेरचा देश कुठूनच दिसत नाही. भिंत आणि लोखंडी दरवाजे शरीराला अडवतात, ही रचना नजरेलाही अडवते. बरोबरीबद्दल लिहायचे असेल तर हा पुरावा सोन्यासारखा आहे आणि नकाशा न काढणाऱ्यांच्या हाती तो सहसा लागत नाही.

शेवटी सातव्या दालनाच्या पश्चिम भिंतीला आबनुसी लाकडाचे प्रचंड घड्याळ काढा. त्या दालनात पाऊल टाकायची हिंमत फार थोड्यांना होते. ठोके मात्र वाद्यवृंदाला थांबवतात, नाचणाऱ्यांनाही थांबवतात. कुणी जिथे जायला तयार नाही तिथूनच सगळ्यांची वेळ मोजली जाते.

घड्याळाची यंत्रणा समजून घ्या

दर तासाला ठोके पडतात. वादक नाइलाजाने थांबतात, जोड्या थबकतात, चेहरे पांढरे पडतात, वयस्क माणसे कपाळावरून हात फिरवतात. ठोके संपताच हलके हसू फुटते, आणि पुढच्या वेळी आपण असे घाबरायचे नाही असे वादक एकमेकांना कुजबुजत सांगतात. साठ मिनिटांनी, म्हणजे तीन हजार सहाशे सेकंदांनी (हा आकडा कथेतलाच आहे), पुन्हा तेच.

हे वर्णन केवळ वातावरणासाठी आहे असे समजून पुढे जाऊ नका. कथानक त्याच्यावरच उभे आहे. मध्यरात्री बारा ठोके पडतात, म्हणजे रात्रीतली सगळ्यांत लांब शांतता. तेवढ्या वेळात विचार करायला सवड मिळते आणि म्हणूनच आतापर्यंत कुणाच्याही नजरेत न आलेली एक मुखवटाधारी आकृती लोकांना दिसते. ती कधी आत आली हे कथा सांगत नाही, कधी दिसली एवढेच सांगते. कदाचित ती सुरुवातीपासून तिथेच होती. सुरुवातीच्या भागात एक वाक्य आहे, त्याच्याशी हे जोडा: बाहेरच्या जगाने आपले पाहून घ्यावे, तोवर शोक करणे किंवा विचार करणे हा मूर्खपणा. विचार करायला मनाई असलेल्या जागेत घड्याळ विचार करायला भाग पाडते.

तिसरे वाचन: दोन रकाने, ‘आत’ आणि ‘बाहेर’

कागदाच्या मागच्या बाजूला मधोमध उभी रेघ मारा आणि कथा पुन्हा वाचताना प्रत्येक माणूस, वस्तू आणि कृती योग्य रकान्यात टाका. यालाच सगळ्यांत जास्त वेळ द्या.

‘बाहेर’चा रकाना पहिल्या परिच्छेदानंतर जवळजवळ रिकामा राहतो. तो रिकामाच राहू द्या, तोच निष्कर्ष आहे. तिथे काय आहे? तीव्र वेदना, घेरी, त्वचेच्या रंध्रांतून रक्त, चेहऱ्यावर लाल डाग. त्या डागांबद्दल पो सांगतो की त्यांच्यामुळे रोग्याला इतर माणसांची मदत आणि सहानुभूती बंद होई. म्हणजे भिंत बांधण्याआधीच एक बहिष्कार चालू आहे, चेहरा पाहून माणूस वगळण्याचा. प्रॉस्पेरोने तीच रीत लोखंडात ओतली.

राजपुत्र हलतो केव्हा, तर त्याच्या मुलखातली निम्मी माणसे मेल्यावर. निमंत्रण कुणाला? धडधाकट, आनंदी स्वभावाच्या हजार मित्रांना, तेही दरबारातल्या सरदारांतून आणि स्त्रियांतून. निवडीला दोन चाळण्या आहेत, दर्जा आणि तब्येत. दुसरी चाळणी बरेच वाचक विसरतात.

‘आत’च्या रकान्यात पो स्वतः यादी देतो: विदूषक, उत्स्फूर्त काव्य करणारे, नर्तक, वादक, सौंदर्य आणि मद्य. शिधा भरपूर आहे हेही सांगतो. आता यादीत नसलेले लिहा. स्वयंपाकी कोण? चौदा शेगड्यांत कोळसा कोण घालते? घोडी, कपडे, कचरा? एक शब्द नाही. वादक आणि विदूषक आत आहेत, पण करमणुकीच्या सामानात, मद्याच्या रांगेत. तरी घड्याळाने पहिले थांबतात ते वादकच, कारण त्या रात्री ते कामावर आहेत. (वादकांबद्दलचे हे वाचन आमचे. कथा ते उघड म्हणत नाही, पण त्याला आडवेही येत नाही.)

अडसरांची जागा दोनदा वाचा. दरबारी भट्ट्या आणि जड हातोडे आणून अडसर सांधून टाकतात. बाहेरून कुणी येऊ नये एवढाच हेतू असावा असे वाटते, पण वाक्य पुढे जाते: आतल्या कुणाला अचानक निराशेचा किंवा उन्मादाचा झटका आला तरी त्याला बाहेर पडता येऊ नये. विशेषाधिकाराची ही जागा आतल्यांसाठी तुरुंगही आहे, आणि त्यांनी तो आपल्या हातांनी बंद केला आहे. म्हणूनच शेवटी पळायला कुणी दाराकडे धावत नाही.

मग मुखवटे. मुखवट्यांच्या नाचात दर्जा लपतो, तात्पुरती का होईना बरोबरी येते, अशी एक समजूत आहे. इथे तसे होत नाही. कुणी काय ल्यावे याला वळण राजपुत्राच्याच आवडीने लावले आहे. मोकळीक जवळजवळ अमर्याद आहे, पण त्या ‘जवळजवळ’ची हद्द त्याची. नवा पाहुणा प्रेताच्या चेहऱ्याचा मुखवटा आणि कफन घालून येतो, इथवर कदाचित खपले असते. त्याच्यावर लाल डाग आहेत, हे मात्र खपत नाही. बाहेर ठेवलेला चेहरा आत आला.

संपूर्ण कथेत थेट संवाद एकदाच येतो आणि तो प्रॉस्पेरोचा. ही थट्टा करण्याची हिंमत कुणाची, पकडा, मुखवटा उतरवा, म्हणजे सूर्योदयाला तटावरून कुणाला फाशी द्यायचे ते कळेल. इथे तीन खुणा करा. एक, हजार माणसांत बोलायचा हक्क एकालाच आहे. दोन, मरण हे त्याला अजून हुकुमाने देण्याची वस्तू वाटते. तीन, तो सूर्योदय म्हणतो तेव्हा उभा आहे पूर्वेच्या निळ्या दालनात, आणि त्याला मरायचे आहे पश्चिमेच्या काळ्यात. नकाशा काढला असेल तर हे तुम्हाला सांगावे लागणार नाही. चौथी खूण बारीक आहे: आकृती पाहताच तो आधी शहारतो आणि लगेच त्याचे कपाळ रागाने लाल होते. लाल कपाळ या कथेत कशाची निशाणी आहे ते पहिल्या परिच्छेदात बघा.

हुकूम सुटल्यावर काय होते? काही दरबारी पुढे सरकतात आणि थबकतात. आकृती राजपुत्रापासून जेमतेम एका यार्डावरून, कुणी हात न लावता, चालत जाते. गर्दी भिंतींना चिकटते. सत्ता कोसळते ती इथे, या चालीत. खंजीर घेऊन धावणे, काळ्या गालिच्यावर पडणे, ही नंतरची पूर्तता.

शेवट वाक्यावाक्याने सोडवा

राजपुत्र मेल्यावर गर्दी धीर करून त्या आकृतीला धरते, आणि कफन व मुखवट्याच्या आत स्पर्श होईल असे काहीच नसते. इथे एक ठरलेली चूक होते: रोगी माणूस चोरून आत घुसला होता असा उलगडा शोधणे. कथेने ती वाट बंद केली आहे. आत कुणी माणूस असता तर त्याला दर्जा असता, नाव असते आणि त्याला तटावरून फाशीही देता आली असती.

पुढची वाक्ये एकामागून एक ‘आणि’ने सुरू होतात. मृत्यू रात्रीच्या चोरासारखा आला, ही उपमा बायबलच्या नव्या करारातली आहे आणि तो सगळा ठेकाच बायबलच्या भाषेचा आहे. त्या ठेक्यात एक तपशील निसटतो. माणसे एकदम मरत नाहीत, एकेक करून पडतात, आणि ज्या अवस्थेत पडली त्याच अवस्थेत प्रत्येक जण मरतो. बरोबरी आली, पण सोबत आली नाही. ‘सरदार’ आणि ‘दरबारी’ हे शब्द संपले, उरले फक्त नाचायला आलेले लोक. शेवटच्या माणसाबरोबर घड्याळही थांबते आणि शेगड्या विझतात.

आता हिशेब मांडा. बाहेरच्यांना लागण झाल्यावर अर्धा तास मिळाला. आतल्यांना पाच-सहा महिने अधिक अर्धा तास मिळाला. फरक एवढाच, आणि तो फरक भिंत, शिधा आणि हजारांत नाव असण्याने विकत घेतलेला. मरण बरोबरी आणते हे खरे, पण कथा जिथे संपते तिथे त्या बरोबरीचा उपयोग करून घ्यायला कुणी उरलेले नाही. तिला न्याय म्हणायचे की नाही, हे तुमच्या टिपणाचे खरे प्रश्नचिन्ह असू द्या.

कुठे पाय घसरतो

सर्वांत जास्त घसरगुंडी सात या आकड्यावर होते. सात दालने म्हणजे माणसाच्या सात अवस्था, पूर्व म्हणजे जन्म, पश्चिम म्हणजे मरण, हे वाचन जुने आहे आणि दिशांच्या बाबतीत जमतेही. पण प्रत्येक रंगाला एकेक वय चिकटवायला गेलात की मधल्या चार दालनांत ओढाताण सुरू होते. दोन टोके वापरा, मधले सोडा.

दुसरे चरित्र. जानेवारी १८४२ मध्ये पोची पत्नी व्हर्जिनिया हिच्या तोंडातून गाताना रक्त आले, क्षयाची ती पहिली ठळक खूण होती. १८४७ मध्ये ती गेली. पोची आईही तो तीन वर्षांचा होण्याआधीच वारली होती. हे सगळे खरे आहे आणि मे महिन्यातल्या रक्ताळलेल्या कथेशी त्याचे नाते नाही असे कोण म्हणेल. तरी ‘लाल मृत्यू म्हणजे क्षय’ असे लिहिलेत की प्रॉस्पेरो, भिंत, हजार पाहुणे सगळे निरुपयोगी होतात. क्षय अर्ध्या तासात मारत नाही. चरित्राला एक वाक्य द्या, परिच्छेद नको.

तिसरी घसरण आपल्याकडची. राव असो वा रंक, शेवटी सगळे मातीतच, हे कीर्तन-प्रवचनांतून इतके अंगवळणी पडलेले असते की मराठी वाचक कथा तिथेच मिटवतो. त्या शिकवणीत मरण जिवंत माणसाला वागणूक सुधारायला सांगते. पोच्या कथेत सुधारायला वेळच उरत नाही आणि निवेदक उपदेशही करत नाही. निवेदकाचाही प्रश्न आहेच: सगळे मेले तर ही गोष्ट सांगते कोण? मधूनमधून ‘मी’ येतो, दालनांबद्दल आधी सांगू द्या म्हणतो. उत्तर कथेत नाही, आणि उत्तर शोधून काढण्यापेक्षा तो आवाज कुणाच्या बाजूचा वाटतो हे टिपणे जास्त कामाचे आहे. सुरुवातीला तोच आवाज राजपुत्राला आनंदी, निर्भय आणि शहाणा म्हणतो.

आणि करोना. गटात ही कथा घेतली की चर्चा पाचव्या मिनिटाला तिकडे वळते. वळू द्या, पण तिसरे वाचन झाल्यावर.

पुढच्या तीन कथा, याच क्रमाने

नॅथॅनियल हॉथॉर्नची ‘लेडी एलिनोर्स मँटल’ १८३८ ची, म्हणजे पोच्या आधीची. वसाहतकालीन बोस्टनमध्ये इंग्लंडहून आलेली उच्चकुलीन एलिनोर, तिच्या अंगावर भरजरी शाल, आणि तिच्या पायाखाली स्वतःला पायपुसण्यासारखा आंथरणारा जर्व्हेस हेल्वाइज. ती त्याच्या अंगावर खरोखर पाय ठेवते. त्या शालीतून देवीची साथ पसरते. पोशी तुलना करताना रोगाच्या दिशेवर बोट ठेवा: पोकडे रोग बाहेरून आत, हॉथॉर्नकडे वरून खाली. आधी थोरामोठ्यांच्या दिवाणखान्यांत, मग अरुंद गल्ल्यांतल्या कारागीर-मजुरांच्या घरांत. श्रीमंत आणि गरीब यांना आपण भाऊ आहोत हे रोगाने मान्य करायला लावले, असे निवेदक चक्क लिहितो, आणि रोगाने अंथरुणाला खिळलेली एलिनोर आपला गर्व हीच ती शाल होती असे कबूल करते. पो जे बोलत नाही ते हॉथॉर्न उघड बोलतो. म्हणून ही कथा सोपी आहे, आणि म्हणूनच ती पहिली देऊ नये, नाहीतर तिचा बोध पोच्या कथेवर चिकटतो.

पोचीच ‘हॉप-फ्रॉग’ मार्च १८४९ ची, बोस्टनच्या ‘द फ्लॅग ऑफ अवर युनियन’मधली. दूरच्या मुलखातून पकडून राजाला नजराणा म्हणून पाठवलेला बुटका, अपंग विदूषक राजाला आणि सात मंत्र्यांना डांबर आणि जवसाच्या धाग्यांच्या सोंगात साखळीने बांधतो आणि सर्वांसमोर जाळतो. पुन्हा मुखवट्यांचा नाच, पुन्हा मध्यरात्र, पुन्हा बंद दारे. फक्त या वेळी किल्ल्या विदूषकाकडे आहेत. दारे कोण बंद करतो आणि किल्ली कुणाकडे, एवढ्या एका प्रश्नावर दोन कथांची तुलना उभी राहते. रिचमंडसारख्या गुलामगिरीच्या शहरात वाढलेल्या पोने हे लिहिले, या अंगाने समीक्षकांनी तिच्यावर बरेच लिहिले आहे. पहिल्या कथेत बरोबरी रोगाने आली, इथे ती सूडाने येते, आणि करणारा जिवंत निसटतो.

तिसरी इंग्लिश लेखिका एलिझाबेथ गॅस्केलची ‘द ओल्ड नर्सेस स्टोरी’, १८५२ च्या नाताळासाठी लिहिलेली. गावच्या शाळेतून निवडलेली गरीब घरची मुलगी, हेस्टर, मोठ्या घराण्याच्या वाड्यातले भूत आणि त्यामागचा गुन्हा सांगते. प्रॉस्पेरोच्या वास्तूत ज्यांचा उल्लेखही नव्हता त्यांच्यापैकी एकीच्या तोंडी इथे अख्खी कथा आहे.

टिपण किंवा चर्चा

पाचशे शब्दांचे टिपण करायचे असेल तर एकच दावा आणि तीन पुरावे पुरतात. ‘पो दाखवतो की मृत्यू श्रीमंत-गरीब पाहत नाही’ हे वाक्य कथा न वाचताही लिहिता येते, म्हणून ते खोडा. त्याजागी असे काही हवे: ‘प्रॉस्पेरोची वास्तू आतल्यांना बाहेरचे मरण दिसू देत नाही, खिडक्या बंद मार्गिकेकडे उघडतात, अडसर आतूनच सांधले आहेत, आणि वेळ मोजणारे घड्याळ कुणी पाऊल न टाकणाऱ्या दालनात आहे.’ यातला प्रत्येक तुकडा पानावर बोट ठेवून दाखवता येतो.

गट सहा-सात जणांचा असावा. कथा मोठ्याने वाचायला साधारण वीस मिनिटे लागतात. दालनांच्या वर्णनापाशी थांबून प्रत्येकाने आपला नकाशा काढावा आणि मग शेजाऱ्याशी ताडून पाहावा. दोन नकाशे सहसा जुळत नाहीत, आणि वाद मिटवायला मजकुराकडे परत जावे लागते. पोच्या दोन्ही कथा एका बैठकीत बसतात. हॉथॉर्नला दुसरी बैठक द्या. गॅस्केलची कथा या चौघींत लांब आहे, तेव्हा ती घरून वाचून यायला सांगावे.